सदर शालू आणि सदर हेमा

मी, श्याम वामन खळदकर, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार कसबा पेठ, पुणे, शरीराने व मनाने धडधाकट असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता खालील हकीकत लिहून ठेवीत आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे शब्द सौभाग्यवतींनी माझ्या खांद्यावरून वाचले आणि त्या ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’ची नोंद घेऊन पुढे जातो.

प्रकरणाची सुरुवात अगदी साधी आहे. फेब्रुवारीत छातीत दोनदा कळ आली म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पट्ट्यावर चालवले, अंगाला तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी काढली आणि म्हणाले, “काळजीचं काही कारण नाही.” चौतीस वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्हीही नागरिकांना हेच सांगत असू. त्याच रविवारी मी ‘हसत-खेळत वारसा’ नावाच्या मोफत शिबिराला जाऊन बसलो.

शिबिरात जाकीट घातलेला एक तरुण होता. तो स्वतःला वारसा-शिल्पकार म्हणवीत असे. “अंकल, आंटी,” तो म्हणाला, “मृत्युपत्र म्हणजे फॅमिलीला लिहिलेलं तुमचं शेवटचं लव्ह लेटर!” सभागृहात दीडशे निवृत्त माणसे होती. त्यांतल्या कुणी पहिले तरी लिहिले असेल असे चेहऱ्यांवरून वाटत नव्हते. शेवटी प्रश्नोत्तरे झाली. प्रश्न एकच आला, तो उपमा दुसऱ्यांदा घेतला तर चालेल का, असा होता.

मी मात्र तिथेच निर्णय घेतला. आमचे सहाशे दहा चौरस फुटांचे घर जिवंतपणीच बक्षीसपत्राने हेमाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, नावावर करून द्यायचे. माझ्यामागे तिला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लागू नयेत. नवरा गेल्यावर बाईला एका कागदासाठी किती थांबावे लागते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक नसेल, कारण त्यांना थांबवण्याचे काम मीच करीत होतो.

घरी येऊन कपाटातून एकोणीसशे एक्याण्णव सालचे खरेदीखत काढले. त्यात लिहिले होते: लिहून घेणार, एक, श्री. श्याम वामन खळदकर, दोन, सौ. शालू श्याम खळदकर.

इथे खुलासा करणे भाग आहे. लग्नाआधी हेमाचे नाव शालू विनायक बेहेरे असे होते. आमच्या घरात सुनेचे नाव बदलण्याची रीत आहे. ते का बदलायचे, असे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. सिलिंडर आला की वजन करून घ्यायचे, सून आली की नाव बदलून घ्यायचे. त्याप्रमाणे एकोणीसशे ऐंशीच्या मे महिन्यात शालू माप ओलांडून आत आली, ताटात तांदूळ पसरले गेले, मी अंगठीने त्यात ‘हेमा’ असे लिहिले आणि रीतीप्रमाणे तिच्या कानातही सांगितले. मी जरा अडखळलो असेन. तिला ते ‘हे... मा’ असे ऐकू आले. नवरा घाबरून हिंदी सिनेमातल्यासारखा आईला हाका मारतो आहे, अशी तिची समजूत झाली, आणि ती बरीच वर्षे टिकली.

पुढे रेशनकार्ड, शाळेतली तिची नोकरी, बँक, आधार, सगळीकडे हेमा लागले. सगळे अर्ज मी स्वतः लिहिले, प्रत्येकी तीन प्रतींत. फक्त या एका खरेदीखतात शालू कशी राहिली, ते कळेना.

“लेखनिकाची चूक,” मी म्हणालो. “कुठला तरी जुना कागद समोर ठेवून उतरवलं असणार. निष्काळजी माणसं.”

हेमा मंडईतून आणलेली गवार निवडत बसली होती. “असेल,” ती म्हणाली आणि एक जून शेंग बाजूला टाकली.

आमच्या इमारतीचे नाव तुष्टी सहकारी गृहरचना संस्था मर्यादित. बारा घरे, तळमजल्यावर तीन गाळे. मी चौदा वर्षे या संस्थेचा सचिव होतो. सत्तरी पूर्ण होताच सचिवाने पद सोडावे हा नियम मीच केला होता, त्यामुळे गेल्या वर्षी सोडावे लागले. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा ठराव म्हणजे क्रमांक सतरा. कोणत्याही दोन कागदांवरील नावात अक्षर, काना, मात्रा, वेलांटी अथवा मोकळी जागा यांचा फरक असल्यास त्या दोन भिन्न व्यक्ती समजण्यात येतील, असा तो ठराव. सभेत सर्वांनी बाके वाजवली होती. नंतर चहा होता.

या ठरावाचा पहिला लाभ तळमजल्यावरच्या तुळजाबाईंना मिळाला. त्यांचे सुपा-टोपल्यांचे दुकान आहे. यजमान वारल्यावर गाळा त्यांच्या नावे व्हायचा होता. यजमानांनी वारस म्हणून ‘तुळजाबाई’ असे लिहून दिले होते आणि मतदार यादीत ‘तुळजा बाई’ असे होते. मध्ये मोकळी जागा. मी अकरा महिने फाईल थांबवली. त्या दर सोमवारी जिना चढून येत आणि म्हणत, “भाऊसाहेब, अहो मी ही समोर उभी की.” मी म्हणत असे, “तुम्ही दोघींपैकी कोणत्या उभ्या आहात, हाच तर प्रश्न आहे.” हे उत्तर मला त्या काळात फार आवडत असे.

आता सचिव आहे सलिल. तिसऱ्या मजल्यावर राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे, मुलगा गुणी. संस्थेचे काम मीच त्याला शिकवले. बक्षीसपत्रासाठी संस्थेचा ना-हरकत दाखला मागायला मी त्याच्याकडे गेलो. त्याने खरेदीखत दोनदा वाचले.

“काका, नो ऑफेन्स, पण फ्लॅटला दोन ओनर आहेत. तुम्ही आणि शालूकाकू. तुम्हाला गिफ्ट करायचंय हेमाकाकूंना. म्हणजे शालूकाकूंची कन्सेंट लागेल.”

“अरे, शालू म्हणजेच हेमा!”

“असेल ना काका. पण ठराव सतरा?”

“तो मी केला!”

“म्हणून तर! तुमचा रिस्पेक्ट ठेवायला नको?” सलिल खरोखर कळवळून म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतंत, ओळखीचा माणूस समोर आला की त्याच्याकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. मी आत्ता तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीये.”

मान्य करतो, तो बघत नव्हता. शिष्य चांगला निघाला याचा मला क्षणभर अभिमानही वाटला.

नियमाप्रमाणे संस्थेने श्रीमती शालू खळदकर यांना आमच्याच पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवले. पोस्टमन आला, हेमाने दार उघडले.

“शालू खळदकर?”

“मीच.”

“आधार दाखवा.”

तिने दाखवले. पोस्टमनने ते पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि सौम्यपणे म्हणाला, “मावशी, दुसऱ्याचं टपाल घ्यायचं नसतं.” पत्र परत गेले. पाकिटावर शेरा होता: ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.’ सलिलने ते पाकीट फाईलला लावले. शालू आमच्या घरात राहत नाही, याचा आता सरकारी पुरावा झाला होता.

मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, सोपे आहे, दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करा. त्यासाठी राजपत्रात नाव बदलल्याची नोंद लागते. त्या नोंदीसाठी जुन्या नावाचा पुरावा लागतो. तो नसेल तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला चालतो. आमच्या लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. त्या काळी लग्नाचा पुरावा म्हणजे जेवून गेलेली माणसे. त्यांतली बरीचशी आता नाहीत.

तेव्हा आम्ही दोघे विवाह नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला.

“लग्न कोणाशी झालं?”

“शालूशी,” मी म्हणालो. खोटे बोलण्याचा माझा स्वभाव नाही.

“आणि नोंदणी कोणाशी करायची?”

“हेमाशी.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “दोन्हींमध्ये अंतर किती?”

“अर्धा तास. तांदूळ पसरायला वेळ लागला.”

“पहिली असताना दुसरी नोंदवता येत नाही. पहिलीच्या मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर घटस्फोटाचा हुकूम. तेही नसेल तर सात वर्षांपासून बेपत्ता असल्याचं पोलिसांचं पत्र लागेल.”

“अहो, पण ती ही काय, इथे बसली आहे!”

बाई खिडकीतून वाकल्या आणि हेमाला म्हणाल्या, “ताई, तुम्ही घाबरू नका हं. तुम्हाला कुणी काही म्हणत नाही. यात तुमची फसवणूक झालेली दिसते.”

परतताना रिक्षात हेमा पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटले, रडते आहे. खांदे हलत होते. मग कळले की ती हसते आहे. एवढी हसताना तिला मी पूर्वी पाहिले नव्हते. “नशीबवान आहात,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात दोन बायका. तुमच्या खात्यात कुणाला जमलं असतं का?”

मला मात्र हसू येत नव्हते. बक्षीसपत्र झाले नाही आणि उद्या माझी ती कागदाची पट्टी सरळ रेघेवर आली, तर अर्धे घर न सापडणाऱ्या बाईचे, उरलेल्या अर्ध्याला ठराव सतरा आडवा, आणि ही सलिलच्या दारात दर सोमवारी उभी. हे चित्र मला जिन्यात, न्हाणीघरात, कुठेही दिसू लागले. मला तिची काळजी वाटत होती. हे तिला सांगायचे कसे, ते मात्र कोणत्याच शिबिरात शिकवीत नाहीत.

त्यातच सलिलने संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, ‘शालू खळदकर यांचा ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे, अर्जंट.’ खाली सात जणांनी हात जोडल्याचे चित्र टाकले आणि एकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहिली. बाणेरहून आमच्या मुलीचा, अस्मिताचा, फोन आला.

“बाबा, शालू कोण?”

“तुझी आई.”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “म्हणजे मला वाढवलं ते...?”

“अगं, तीच! हेमाचंच आधीचं नाव शालू!”

“मला कधीच कुणी सांगितलं नाही,” अस्मिता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “एक्केचाळीस वर्षांची आहे मी. आईला दे फोन.”

त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. मला दाराबाहेर फक्त एक वाक्य ऐकू आले: “अगं, कुणी विचारलंच नाही.”

तीन पर्यायांपैकी मृत्यूचा दाखला मला पटेना. घटस्फोटासाठी शालूला नोटीस पोहोचायला हवी होती, आणि ती तर पत्त्यावर राहत नव्हती. त्यातल्या त्यात बेपत्ता हा मार्ग सौम्य. मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार पन्नाशीचे, चष्मेवाले, शांत गृहस्थ होते. त्यांनी नवीन पान काढले.

“हरवलेल्या बाईचं नाव?”

“शालू.”

“शेवटचं पाहिलं तेव्हा अंगावर काय होतं?”

“शालू.”

“नाव झालं हो लिहून. कपडे विचारतोय.”

“कपडेच सांगतोय. शालू. हिरवा, जरीच्या काठांचा. लग्नातला.”

“शालूच्या अंगावर शालू,” त्यांनी लिहीत लिहीत म्हटले. “शेवटची दिसली कुठे?”

“माझ्या घरी. माप ओलांडून आत आली.”

“आणि बाहेर कधी पडली?”

मी विचार केला. “बाहेर पडली ती हेमा.”

हवालदारांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “काका, मी जरा नीट मांडतो हं. एक बाई नटूनथटून तुमच्या घरात शिरली. त्यानंतर ती कुणालाही दिसली नाही. त्याच दिवशी, त्याच घरात, तुमच्यासोबत दुसरी बाई राहायला लागली. पंचेचाळीस वर्षं तुम्ही तक्रार केली नाहीत. आता घराचा कागद अडला, तेव्हा आलात. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणालो. मुद्देसूद मांडणीचे मला पहिल्यापासून कौतुक आहे.

“मग हे बेपत्ताचं प्रकरण नाही.”

“मग कशाचं?”

“बसा,” ते म्हणाले.

हा शब्द मी चौतीस वर्षांत हजारो लोकांना म्हटला असेल. तो ऐकायला कसा लागतो, हे मला त्या बाकावर कळले. छातीत ती ओळखीची कळ आली. मी भ्यालो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तासाभराने हवालदारांनी मला घरी सोडले. उद्या सकाळी अकराला या, शालूच्या माहेरच्यांना बोलावले आहे आणि तोवर पुणे सोडू नका, असे त्यांनी सांगितले. मी कसबा पेठही फारशी सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून मेहुणे, म्हणजे हेमाचे धाकटे बंधू, फाईल घेऊन हजर झाले. त्यांनी रात्रीतून कुणा जाणकाराला गाठलेले दिसले.

“माझी बहीण शालू,” त्यांनी हवालदारांना सांगितले, “लग्नाच्या दिवसापासून आम्हाला दिसलेली नाही. तिला मूलबाळ नाही. भाचीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हेमा आहे, तपासून घ्या. घर घेताना आमच्या आईनं शालूच्या नावानं हातभार लावला होता. तेव्हा शालूचं अर्धं घर माहेरी यायला हवं. ती माझी सख्खी बहीण, याचा पुरावा आणलाय.” त्यांनी टेबलावर शालूचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवला.

हेमा शेजारच्याच बाकावर बसली होती. “अरे, मी इथे बसले आहे. भाऊबीजेला तुला ओवाळलं ना मी?”

“ताई, तू यात पडू नकोस,” बंधू कळकळीने म्हणाले. “हा शालूचा विषय आहे.”

“आणि ओवाळणीत घातलेला टॉवेल? तो कुणाला होता?”

“तो तुला.”

“तरीच पातळ होता,” हेमा म्हणाली.

हवालदारांनी सगळ्यांना शांत केले. त्या दिवशी शालूला घरात शिरताना पाहिलेला एखादा साक्षीदार हयात आहे का, असे विचारले. मला कुणी आठवेना. हेमा म्हणाली, “आहे. मी त्यांना येतानाच सांगून आले आहे.” आणि चौकीची पायरी सावकाश चढत तुळजाबाई आत आल्या. मी जमिनीकडे पाहू लागलो.

“मी त्या दिवशी सुपं आणि परड्या द्यायला आले होते,” तुळजाबाई म्हणाल्या. “माझं दुकान तेव्हापासून त्याच आळीत. आत गर्दी, म्हणून दारात उभी राहिले. दारातनं चांगलं दिसत होतं. समद्या बायका नवरदेवाकडं बघत होत्या, मी नवरीकडं. यांनी तांदळात काहीतरी गिरवलं. पोरीनं वाचलं. मग सगळे पेढे घ्यायला वळले, तेव्हा तिनं बोटानं हळूच पुसून टाकलं.”

मी वर पाहिले. हेमा खिडकीबाहेर बघत होती.

“तीच ही,” तुळजाबाई पुढे म्हणाल्या. “मी अजून जिन्यात तिला शालूच म्हणते. ती ओ देते.”

“हे लिहून द्याल?” हवालदारांनी कागद पुढे केला. “इथे सही करा. पूर्ण नाव.”

तुळजाबाईंनी पेन हातात घेतले, कागदावर टेकवले, आणि मग माझ्याकडे वळल्या. “भाऊसाहेब, जागा सोडून लिहू का न सोडता?”

बंधूंनी फाईल मिटली.

“कशीही लिहा,” मी म्हणालो. “दोन्ही तुम्हीच.”

“असं तोंडी नको. मला अकरा महिने कागद मागत होता तुम्ही.”

हवालदारांनी काही न विचारता मला कोरे कागद दिले. मी लिहून दिले की तुळजाबाई आणि तुळजा बाई या एकच व्यक्ती आहेत आणि हे मला पहिल्या सोमवारपासून माहीत होते. तीन प्रती केल्या. तुळजाबाईंनी एका वाक्याची भर घालायला सांगितली: ‘त्यांच्या नावात मोकळी जागा नव्हती.’ ती मोकळी जागा कुठे होती, ते मात्र त्यांनी लिहायला लावले नाही. मोठ्या मनाची बाई. मग त्यांनी सही केली, जागा न सोडता.

हवालदारांनी बंधूंचा दाखला उचलून वाचला. “ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण.” हेमाने चष्मा वर सरकवला. व्रण होता. पंचेचाळीस वर्षे मी तो पाहत होतो, पण कागदावर नसल्यामुळे त्याला काही महत्त्व नव्हते. हवालदारांनी वहीत लिहिले, ‘शालू मिळून आली. ठिकाण: चौकीतील बाक. प्रकृती ठीक.’ बंधूंनी दाखला परत मागितला. हेमा म्हणाली, “राहू दे माझ्याकडे. माझाच आहे तो.”

त्यानंतर कचेरीतली चक्रे इतक्या भराभर फिरली की माझ्यासारख्या जुन्या माणसाला ते बरे वाटले नाही. संस्थेच्या विशेष सभेत ठराव सतरा मी स्वतःच मागे घेतला. सर्वांनी बाके वाजवली, या वेळी जास्त जोरात. दाखला पाहून राजपत्राचे काम झाले, लग्नाची नोंद झाली, आणि बक्षीसपत्राचा दिवस आला. वकिलांच्या कचेरीत टंकलेखक संगणकापुढे बसला होता.

“बक्षीस घेणाऱ्याचं नाव?”

“हेमा श्याम खळदकर,” मी म्हणालो.

“शालू विनायक बेहेरे,” ती म्हणाली.

“अगं, आता सगळं मार्गी लागलंय. पुन्हा ती लेखनिकाची चूक नको.”

“चूक नव्हती ती,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. गवार निवडतानाच बोलत होती जणू. “एक्याण्णव साली, खरेदीखताच्या वेळी, तुम्ही स्टॅम्पची तिकिटं आणायला खाली गेला होतात. त्या लेखनिकानं वर बघून विचारलं, बाई, आपलं नाव काय? मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. घरी नाही, शाळेत नाही, तुम्ही तर नाहीच. मी सांगितलं. तांदळात तुम्ही लिहिलंत. स्टॅम्पपेपरवर मी.”

“पण मग मी सही केली तेव्हा...”

“तुम्ही वाचलंच नाहीत. सह्या करत सुटलात. सवय होती ना.”

टंकलेखक दोन्ही हात वर धरून थांबला होता. मी त्याला म्हणालो, “बाई सांगतात तसं लिही.” चौतीस वर्षांच्या नोकरीत असा शेरा मी कोणत्याही फाईलवर मारला नव्हता.

आज संपूर्ण घर शालू विनायक बेहेरे यांच्या मालकीचे आहे. दारावर पाटी लागली आहे, नाव एकच. गेल्या आठवड्यात सलिल एक अर्ज घेऊन आला. मालक नसलेली व्यक्ती घरात राहत असेल तर तिने तो भरायचा असतो. ठराव क्रमांक नऊ, तोही माझाच. त्यात एक रकाना आहे, ‘मालकाशी नाते’. मी पेन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि यात काय लिहू, असे विचारले.

“विचार करून सांगते,” शालू म्हणाली. “तोवर बसा.”

मी बसलो आहे. बसल्या बसल्या ही हकीकत लिहिली. ही वाचून आपण हसला असाल. आता एकच करा. बँकेत फोन केला की ओळख पटवायला गुप्त प्रश्न विचारतात, आईचे माहेरचे नाव काय. बँकेने नेमका हाच प्रश्न का निवडला, हे मला पूर्वी कळत नसे. आता कळते. ते चोराला कळण्याची भीती नसते, कारण घरातच कुणाला ठाऊक नसते. आडनाव आपण चटकन सांगाल. मी नाव विचारतो आहे. आईचे आठवत असेल तर आजीचे सांगा.

आठवून सांगा. तोवर बसा.